कोंड्यावर विकलेलं लेकरू

माझं तिसरं बाळंतपण झालं तेव्हा सासूनं मूल आधी माझ्याकडं दिलंच नाही. नाळ कापून, धुऊनपुसून ते सरळ थोरल्या नणंदेच्या पदरात टाकलं. नणंद ज्वारीचा सूपभर कोंडा घेऊन उंबऱ्यापाशी बसलेलीच होती. तिनं तो कोंडा माझ्या उशाशी ओतला आणि बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्या इकत घेतलंय ह्ये. माझं हाय. तू आपलं नुसतं सांभाळ." एवढं झाल्यावर मग मुलगा माझ्या कुशीत आला.

माझी आधीची दोन गेली होती. एक बाळंतिणीच्या खोलीतच, दुसरं रांगायला लागल्यावर. त्यामुळं ह्याच्या वेळी घरानं काही बाकी ठेवलं नाही. उजवी नाकपुडी टोचली. नाव असं ठेवलं की मरणानंसुद्धा नाक मुरडून पुढच्या दारी जावं. ते नाव इथं लिहीत नाही, तो आता मोठा माणूस आहे. आणि सगळ्यात कडक नियम असा, की ह्याला कुणी तोंडावर चांगलं म्हणायचं नाही, आणि मी तर 'माझा' म्हणायचंच नाही. कुणी विचारलं, कुणाचं गं लेकरू, तर म्हणायचं, नणंदेचं हाय, सांभाळतीय. हाक मारायची ती "मुडद्या" नाहीतर "मेल्या". आधी जिभेला जड जायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली की माणूस ते मनापासूनच म्हणायला लागतं.

हे ज्या घरात चाललं होतं त्या घरात देव नव्हते, हे मुद्दाम सांगते. सासऱ्यांनी धर्म बदलल्यावर देव टोपलीत भरून सीना नदीत सोडून दिले होते. सासरे गेले, पण सासूनं त्यांचा शब्द मोडला नाही. उपास सोडले, तुळजापूरला जाणं सोडलं, सकाळी बुद्धवंदना म्हणायची. दृष्ट मात्र टोपलीत बसत नाही, ती घरातच राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगीच नाही. मी सातवी शिकलेली, पण मीही काही वेगळी नव्हते. दोन लेकरं पुरल्यावर मला कुणी चुलीला नमस्कार घाल म्हटलं असतं तरी मी घातला असता.

मुलगा जगला. नुसता जगला नाही, चांगला दांडगा झाला. आणि चालायला लागल्यापासून त्यानं आमचं जगणं मुश्कील करून टाकलं.

आम्ही परंड्यात राहायचो, किल्ल्याच्या मागच्या अंगाला. नवरा सहकारी दूध संघात संकलनाला होता. पहाटे गाडीबरोबर खेड्यांवर जायचा तो दुपारी यायचा. मुलगा चार वर्षांचा झाला त्या साली पाऊस झाला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात मी पोर होते, आईबरोबर खडी फोडायला जायचे. पुढचे दुष्काळ त्याच्यापुढं किरकोळ, असं मोठी माणसं म्हणतात. पाण्याच्या बाबतीत आमच्या गल्लीला तरी काही फरक जाणवला नाही. टँकर यायचा तो एक दिवसाआड, कधी तोही नाही. कॅनमधलं दूध आटत चाललं होतं, आणि जनावरं विकायला निघालेल्या माणसांची तोंडं बघून नवराही घरी येऊन कुणाशी बोलत नसे.

अशात आमचा मुलगा पाणी सांडायचा. चुकून नाही. रांजणातलं पाणी तांब्यानं उपसायचा, अंगणात यायचा, मी कुठं आहे ते बघायचा आणि माझ्याकडं बघत बघत ओतायचा. मी धावले की दुसरा तांब्या. सासू शिव्या देत उठायची, शेजारची येऊन पदर तोंडाला लावून बघत राहायची, कुणीतरी गूळ आणून द्यायचं, कुणीतरी पाठीत धपाटा घालायचं. मी मारायचे. हाताला लागेल त्यानं मारायचे, आणि मारताना म्हणायचे, "मर तिकडं." तो रडायचा नाही. दात काढून माझ्या मनगटाला चावायचा. टँकरच्या रांगेत त्यानं एकदा एका बाईची भरलेली घागर लाथ मारून पाडली. ती बाई तिथंच ओल्या मातीत बसून रडायला लागली. त्यानंतर गल्लीत मला कुणी रांगेत शेजारी उभं करून घेईना.

तो चार वर्षांचा असताना मुलगी झाली. तिला पाहायला लोहाऱ्याहून थोरली नणंद, जिला मी आक्का म्हणायचे, ती आली. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. स्वभावानं ती वाईट बाई नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढं तिच्यावर राग येईल. ती आली की मुलगा तिच्या पाठीवरून उतरायचा नाही. पाळण्यातल्या मुलीच्या गालाला त्यानं रक्त निघेपर्यंत चावा घेतला तो दिवस तिनं बघितला. मी त्याला दारामागं कोंडलं होतं आणि तो डोकं फळीवर आपटत होता. नणंद म्हणाली, "तुझ्यानं व्हत नसंल तर माझं मला दे. म्या कोंडा दिलाय त्येचा."

मला वाटलं थट्टा करते. सासू थट्टेत नव्हती. "हितं ही पोर जगायची न्हाय त्येच्या हातनं," ती म्हणाली. "दिवाळीपतोर बघू. न्हाय सुधारला तर घिऊन जा."

चार वर्षं मी 'हा माझा नाही' म्हणत आले होते, ते मरणाला फसवायला. माणसं खरं धरतील असं मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी रात्री जागून दिवाळीचे दिवस मोजायला लागले.

मुलीच्या गालाची जखम दाखवायला सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी जखम बघितली आणि मुलाकडंही बघितलं. म्हणाले, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात मुलांच्या वागणुकीचं बघणाऱ्या एक बाई बसतात, बुधवारी, घेऊन जा. नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्यो काय येडा हाय व्हय?" पण गाडीभाडं दिलं. त्या काळी आपल्या आईसमोर स्वतःच्या लेकराला बापानं उचलून घेणंसुद्धा लाजेचं होतं. तेव्हा त्यानं पैसे दिले हीच त्याची माया असं मी समजले.

परंड्याहून कुर्डुवाडी, तिथून रेल्वे. मुलगी सासूजवळ ठेवून मी मुलाला घेऊन निघाले. एसटीत त्यानं पुढच्या माणसाचा पटका ओढला, रेल्वेत तो बाकाखाली शिरून निघेना. बाईंच्या खोलीत पोचले तेव्हा माझ्या अंगात त्राण नव्हतं. मला वाटलं होतं त्या ह्याला तपासतील, औषध देतील, नाहीतर निदान दम तरी भरतील. बाईंनी जमिनीवर सतरंजी टाकली, लाकडी ठोकळे ओतले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बसा त्याच्याशी खेळायला. मी तुमच्या मागं बसते."

"त्याला शिकवा की," मी म्हणाले. "मला काय शिकवताय?"

"त्याच्याजवळ मी आठवड्यातून अर्धा तास असणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही दिवसभर असता."

मग त्या खरंच माझ्या पाठीशी बसल्या आणि माझ्या कानात हळूहळू सांगायला लागल्या. मुलाला ऐकू जायचं नाही, मला जायचं. हुकूम सोडू नका. प्रश्न विचारू नका. तो काय करतो तेवढंच मोठ्यानं म्हणा. "लाल ठोकळा ठेवलास," मी म्हणाले. त्यानं मान वर करून बघितलं. "आता निळा ठेवलास." तो पुन्हा बघायला लागला. चार वर्षांत मी त्याच्याशी एवढं शिवीविना बोलले नव्हते. मग त्यानं ठोकळा उचलून भिंतीवर फेकला. "तोंड फिरवा," बाई कानात म्हणाल्या. "रागवू नका, बघू नका. हात खाली आला की परत वळा." मी तोंड फिरवलं. त्यानं आणखी एक फेकला, मग थांबला. मी वळले. तो परत रचायला लागला.

"आता कौतुक करा," बाई म्हणाल्या. "म्हणा, शहाणा आहे माझा मुलगा."

मी पदराचं टोक पिळायला लागले.

"म्हणा ना. हीच वेळ आहे. लगेच म्हटलं तरच त्याला कळतं."

माझ्या तोंडून कसंबसं "शहाणा" एवढं निघालं आणि मी लगेच डाव्या बाजूला थू थू केलं. बाईंच्या स्वच्छ फरशीवर. पोरगं माझ्याकडं बघत होतं. आईनं आधी शहाणा म्हटलं आणि मग थुंकली. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी त्याला खेळू दिलं आणि मला बाहेर बाकावर आणून विचारलं. मी सगळं सांगितलं, कोंडा, नाकपुडी, नाव, दोन गेलेली. त्यांना ते हसण्यासारखं वाटलं असेल तर तोंडावर दिसलं नाही. थोडा वेळ त्या आपल्या चष्म्याची काडी चावत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याचं कौतुक नका करू. कामाचं करा. 'ठोकळे छान रचलेस' म्हणा. ठोकळ्यांना कुठं दृष्ट लागते?"

हे मला पटलं. मरणाला ठोकळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

त्यानंतर मी जमेल त्या बुधवारी जात राहिले. बाईंची रीत दोन टप्प्यांची होती. आधी रोज थोडा वेळ त्याच्यासोबत त्याच्या मर्जीनं खेळायचं. ते रुळलं की मग सांगायचं शिकायचं: त्याच्या डोळ्याला डोळा येईल इतकं खाली बसायचं, एकच गोष्ट, थोड्या शब्दांत, एकदाच सांगायची. ऐकलं तर त्याच क्षणी चांगलं म्हणायचं. नाही ऐकलं तर ओरडायचं नाही, मारायचं नाही, कोपऱ्यात नेऊन गप्प बसवायचं. सांगणाऱ्याचं काय जातं, असं मला कितीदा वाटलं. सोलापूरच्या खोलीत ठोकळे सांडले तर ठोकळेच सांडायचे. माझ्या अंगणात पाणी वाहून जात असताना मी तोंड कसं फिरवू?

पण फिरवलं. पहिल्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि मागं पाणी मातीत पडल्याचा आवाज ऐकत राहिले. सासू किंचाळली, "आगं, पानी चाललंय!" मी वळले नाही. दातांनी पदर धरला होता. तिनं मला ढकलून त्याच्या हातातला तांब्या घेतला आणि तिथंच त्याला मजा आली. तेव्हा कळलं, मी एकटीनं पाठ फिरवून उपयोग नाही. मी सासूच्या पाया पडले. शेजारणींना सांगितलं, ओरडू नका, गूळ देऊ नका, मारू नका, बघू नका. त्या म्हणाल्या, "येडी झाली काय गं तू? लेकरू वरडतंय अन् आमी तोंड फिरवायचं?" तरी फिरवलं. रांजण मी खोलीत नेऊन ठेवला आणि मुलाच्या हातात एक लहान फुलपात्र दिलं. म्हटलं, "हे भरून आजीला दे." एकदाच म्हटलं. त्यानं ते भरलं, दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून चालत गेला. थेंब सांडला नाही. मी म्हणाले, "पाणी चांगलं आणलंस." त्यानं दुसरं आणलं. मग तिसरं. सासूला एवढी तहान नव्हती, पण ती पीत राहिली.

पावसाळा कोरडाच सरत आला तोवर सांडणं बंद झालं. चावणंही. शेजारणींनी मला रांगेत परत जागा दिली. सासू दिवाळीचं नाव काढेनाशी झाली, आणि मला रात्री झोप लागायला लागली. गेलं आता संकट, असं मी समजले.

आश्विनात नणंद आली. दुपारची वेळ, मी भाकरी थापत होते. मुलगी पाळण्यात रडायला लागली. माझे हात पिठाचे. मी उठायच्या आत मुलगा पाळण्यापाशी गेला, त्यानं दोरी धरली आणि हळू, अगदी हळू हलवायला लागला. तोंडानं "हु हु" करत होता, मी करते तसं. मुलगी थांबली. तिनं त्याचं बोट धरलं आणि त्यानं ते धरू दिलं.

त्या वेळी माझ्या मागं बाई नव्हत्या. असत्या तर म्हणाल्या असत्या, 'दोरी छान हलवलीस' म्हणा. माझं मलाच आवरलं नाही. पिठाच्या हातांनी मी त्याला पोटाशी धरलं आणि म्हणाले, "शहाणं गं माझं बाळ. किती गुणाचं माझं लेकरू." सासू आणि नणंद दोघी दारात बसल्या होत्या. दोघींनी ऐकलं. सासूचं तोंड पांढरं पडलं. मी थुंकायचीसुद्धा विसरले होते.

नणंद लोहाऱ्याला परत गेली आणि दोन दिवसांनी मुलीला जुलाब सुरू झाले. गल्लीत बऱ्याच लेकरांना लागले होते. टँकरचं पाणी हिरवट येत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण मुलीचे डोळे आत गेले, टाळू खचली, आणि मला मागची दोन दिसायला लागली. बार्शीच्या दवाखान्यात नेलं. हाताची शीर सापडेना म्हणून डोक्याला सुई लावली. सासू पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिनं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तू त्येला आपला म्हन्लीस. आता मरान हिशोब कराय आलंय. ज्येचं त्येला देऊन टाक. ही वाचंल."

मी तिच्याशी भांडायला हवं होतं. पाण्याचं सांगायला हवं होतं. पण माझ्यात तेव्हा भांडायला काही उरलं नव्हतं. नवस बोलायला आमच्या घरात देवही नव्हता, कुणाला बोलायचा? मी त्या मुलीच्या सुकलेल्या तळव्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिला. आक्कांचा आक्कांना दिला. हिला राहू द्या." कुणाला म्हणाले ते आजही सांगता येणार नाही. माझा विश्वास होता का, असं माझ्या मुलीनं मोठेपणी मला विचारलं. भीती एवढी होती की विश्वास आहे का नाही ते बघायला सवडच झाली नाही. मुलगी संध्याकाळी डोळे उघडून दूध प्यायली.

आम्ही घरी आलो तर रांजण फुटलेला. मी बार्शीला असताना मुलगा सगळ्यांना चावला होता. शेजारच्यांनी मारला होता, कोंडला होता, गूळही दिला होता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला बघून तो पळत आला आणि माझ्या मांडीला चावला. मी तोंड फिरवलं. आता ते बाईंच्या रीतीसाठी होतं का त्याचं तोंड बघवत नव्हतं म्हणून, मला सांगता येत नाही. सोलापूरला मी पुन्हा गेले नाही. बाईंना काय सांगणार होते?

दिवाळी झाली आणि नणंद त्याला न्यायला आली. तिनं त्याच्यासाठी नवा सदरा शिवून आणला होता. नवऱ्यानं मला एकदाच विचारलं, "नक्की का?" मी म्हणाले, "शब्द गेलाय." तो दुधाच्या कॅनाकडं बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "सोडाय येतो म्या."

स्टँडवर मुलाला कळलं. त्यानं अंग टाकून दिलं. नणंदेच्या हाताला चावला, धुळीत लोळला, नव्या सदऱ्याची बटणं तोडली. एसटी लागलेली, कंडक्टर घाई करत होता, माणसं गोळा झाली होती. नणंद रडकुंडीला आली होती. "चल माझ्या राजा, चल की रं," म्हणत होती आणि तो आणखीच लाथा झाडत होता. नवऱ्यानं बाह्या सरसावल्या. त्याला उचलून आत टाकणार, हे मला दिसलं, आणि ते मला बघवलं नसतं. आपलं लेकरू पोत्यासारखं फेकलेलं मला बघायचं नव्हतं. मी म्हणाले, "थांबा."

मी धुळीत त्याच्यापुढं बसले. त्याच्या डोळ्याला डोळा येईपर्यंत थांबले. तो ओरडायचा थांबला तेव्हा एकदाच म्हणाले, "गाडीत चढ आणि आत्याजवळ बस."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग उठला. नाक बाहीला पुसलं, एसटीच्या उंच पायऱ्या दोन्ही हात टेकून चढला, आत गेला आणि खिडकीजवळ जाऊन बसला. आमच्या गल्लीतल्या बालवाडीत बसवतात तशी त्यानं हाताची घडी घातली आणि खिडकीतून माझ्याकडं बघायला लागला. मला माहीत होतं तो कशाची वाट बघतोय. ऐकलं की त्याच क्षणी म्हणायचं असतं.

सासू मुलीला खांद्यावर घेऊन माझ्या शेजारी उभी होती. 'माझा' हा शब्द माझ्या तोंडात होता. मुलीचा हात माझ्या केसांत अडकला होता. मी म्हणाले, "छान बसलास."

त्यानं पाठ आणखी ताठ केली. गाडी सुरू झाली, हलली. मला वाटलं आता तो उठेल, गज बडवेल, "आये" म्हणून ओरडेल, आणि मग मी बघून घेईन मरणाचं काय करायचं ते. मी गाडीबरोबर चालत होते. तो हलला नाही. मी छान म्हटलं होतं, म्हणून आणखी छान बसून दाखवत होता. नणंद पुढं कितीतरी वर्षं सांगायची, तुळजापूर येईपर्यंत त्यानं हाताची घडी सोडली नाही. पाणी दिलं तर तेसुद्धा घडी तशीच ठेवून, तिनं तोंडाला तांब्या लावला तसा प्याला.